बायोडाटातले सगळेच ‘लीडर’

संपादक महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी लूम खात्याचा सुपरवायझर होतो. नोकरीसाठी येणारे बायोडाटा माझ्याच टेबलावर यायचे. बहुतेक टायपिंगच्या दुकानात एकाच साच्यातून काढलेले, आणि प्रत्येकाने सगळं ‘लेड’ केलेलं, म्हणजे नेतृत्व केलेलं! ज्याने जेमतेम सुताच्या कांड्या भरल्या, तोही ‘लेड द डिपार्टमेंट’. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडायची.

हाताखाली काम केलं असेल तर ‘असिस्टेड’ लिहावं, त्यात कसला कमीपणा? वाटा उचलला असेल तर ‘कॉन्ट्रिब्युटेड टू’; पण पुढे ‘रिड्यूसिंग वेस्टेज’ हवं, पोरं सर्रास ‘टू रिड्यूस’ लिहितात. ‘इन चार्ज ऑफ द स्टोअर’ म्हणजे स्टोअर तुमच्या ताब्यात. मध्ये एक ‘द’ घुसवून ‘इन द चार्ज ऑफ’ केलं की तुम्हीच स्टोअरच्या ताब्यात!

एकाने लिहिलं होतं, ‘रिस्पॉन्सिबल फॉर यार्न वेस्टेज’. बिचारा वाया गेलेल्या सुताची नोंद ठेवायचा. वाचणाऱ्याला वाटलं, नासाडी यानेच केली. तिथे ‘रेकॉर्डेड’ किंवा ‘मॉनिटर्ड’ हवं होतं. मालक हसले आणि कागद बाजूला ठेवला. पोरगा मात्र तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायचा.

आयटीआय आणि कॉलेजांनी शेवटच्या वर्षी यासाठी दोन तास तरी द्यावेत. तेही व्याकरणाच्या सरांनी एकट्याने नकोत, सोबत कारखान्यातला एखादा माणूस बसवावा.

– एक निवृत्त सुपरवायझर, सोलापूर