दिवाळीच्या साफसफाईत हिरवळ खरवडू नका

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माळीदादा दिवाळीपूर्वी अंगणातली हिरवळ मुळापर्यंत खरवडून तिच्यावर लाल माती पसरून देतो म्हणत आहेत, तर त्यांना होकार द्यावा का, असे बाबांनी विचारले होते. फोनवर मी नुसतेच "थांबा" म्हणाले. कारणे इथे सविस्तर लिहिते, म्हणजे माळीदादांनाही वाचून दाखवता येतील.

मी इथले गवत सप्टेंबरात दाताळ्याने विंचरते, हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिले असल्यामुळे हाच त्या कामाचा हंगाम असावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु इथल्या घरांपुढे बहुधा केंटकी ब्लूग्रास असते, आणि ते थंड हवेचे गवत आहे. पंधरा ते चोवीस अंशांत ते जोमाने वाढते, जुलैच्या उन्हात मरगळते आणि ऑगस्ट सरता सरता पुन्हा तरारते. त्या वेळी ते खरवडले, तर थंडीचा कडाका सुरू होण्यापूर्वी त्याला सावरायला पुरेसे आठवडे मिळतात. आपल्या नाशिकच्या अंगणात आहे ती हरळी, म्हणजे आई गणपतीला वाहते त्या दूर्वाच. तिला सत्तावीस ते पस्तीस अंशांची ऊब मानवते आणि थंडी पडू लागली की तिची वाढ मंदावते. निफाडला पारा किती उतरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. दिवाळीला उघडी केलेली जमीन पार फाल्गुनापर्यंत तशीच भुंडी राहील आणि त्या मोकळ्या जागेत हरळीच्या आधी तण शिरेल.

मुळात खरवडण्याची गरज आहे की नाही, हे आधी तपासून पाहावे. हिरवळीच्या मध्यभागी खुरप्याने चार बोटे खोल, पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून तो उन्हात धरला, म्हणजे वर हिरवी पाती, खाली काळी माती आणि या दोहोंच्या मध्ये तपकिरी, तंतुमय, दाबले की किंचित उसळणारा थर दिसेल. अर्धवट कुजलेली खोडे, धावत्या फांद्या आणि मुळे यांचा हा थर असतो. कापलेल्या पात्यांमुळे तो होतो हा समज चुकीचा आहे. पात्यांत बहुतांशी पाणीच असते आणि ती लवकर कुजतात. थर एक सेंटिमीटरच्या आसपास असेल तर त्याला हात लावू नये, कारण तो ओल धरतो आणि चालताना मुळांना जपतो. दोन सेंटिमीटरहून जाड असेल, तर मात्र पाणी वरच्यावर अडते, मुळे मातीत न उतरता त्या थरातच पसरतात आणि एप्रिलच्या उन्हात गवत चार दिवसांत पिवळे पडते. बाबा रोज सकाळी पाइपने थोडे थोडे पाणी शिंपडतात आणि गवत हिरवे दिसावे म्हणून दर महिन्याला युरिया टाकला जातो, या दोन्ही सवयी थर वाढवणाऱ्याच आहेत. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड, पण माती वीतभर भिजेल इतके पाणी द्यावे.

थर जाड निघाला, तर काम जूनमध्ये करावे. रोहिणी नक्षत्रात गवत नेहमीपेक्षा आखूड कापून घ्यावे, मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्यावेत आणि वाफसा आला की दाताळे चालवावे. चिखल असताना अजिबात नको; काळ्या जमिनीत गवताचे गड्डेच्या गड्डे उपटून येतात आणि पायांखाली माती दबून घट्ट होते. दाताळे आधी उभे आणि मग आडवे ओढावे, पण माती उकरली जाईल इतका जोर लावू नये. हरळीचे कंद-खोड जमिनीखालीही असते, त्यामुळे वर जवळजवळ उजाड दिसले तरी घाबरू नये. तीन-चार आठवड्यांत नवे फुटवे येतात आणि भाद्रपदात जुड्या करायला आईला कोवळ्या दूर्वा मिळतात. आंब्याखालचे गवत मात्र सावलीमुळे आधीच विरळ आहे, ते खरवडू नये.

आपल्या पाचशे चौरस फुटांतून अनेक गोण्या भरतील एवढा कचरा निघेल. तो ओला असताना खतखड्ड्यात टाकला, तर हरळीच्या कांड्या तिथेच फुटतील, म्हणून आधी फरशीवर कडक वाळवून घ्यावा. जाळू तर मुळीच नये. खरवडल्यानंतर चौरस मीटरला दहा ग्रॅम, म्हणजे सगळ्या अंगणाला साधारण अर्धा किलो युरिया एकदा पुरे, आणि त्यावर लगेच पाणी. लाल मातीचा जाड थर मला पटत नाही, कारण काळ्या मातीवर वेगळ्या जातीची माती साचली की पाणी त्या सांध्यावर अडते. त्याऐवजी अंगणातलीच माती आणि गांडूळखत चाळून अगदी पातळ पसरावे. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते.

आणखी एक शक्यता तपासायला हवी. बाबा म्हणाले की, फाटकाजवळ दोन ठिकाणी गवत वाळले आहे. तिथले गवत हाताने ओढून पाहा. ते सतरंजीसारखे अलगद उचलले गेले आणि खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी आहे. तिचे भुंगेरे पहिल्या वळिवानंतर कडुनिंबावर येतात, जमिनीत अंडी घालतात आणि अळ्या पावसाळाभर मुळे खातात. तसे असेल तर खरवडून काही उपयोग नाही. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका आणि मला फोटो पाठवा.

बाबा, दाताळे स्वतः ओढू नका. गुडघ्यांना आणि कंबरेला ते काम झेपणार नाही. मजूर लावा आणि तुम्ही खुर्चीवरून देखरेख करा. या दिवाळीला माळीदादांकडून फक्त कापणी, कडा सारख्या करणे, पडलेली पाने गोळा करणे आणि लव्हाळा गाठींसकट खणून काढणे एवढेच करून घ्या, आणि मजुरी त्याच हिशेबाने द्या.

तुमची लेक