रावसाहेबांचा मुक्काम

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू विचारलंस, "ठेवायचं का गं ते मांजर?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "ठेवायचं कसलं, जाईल आपोआप!" बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा. गाळू नका.

माझं विचाराल तर प्रश्न शिळा झालाय. जे मांजर बाबांच्या खुर्चीत दुपारची झोप काढतं, ज्याच्यासाठी रात्री खिडकीला फट ठेवली जाते आणि ज्याला 'रावसाहेब' अशी हाक मारली जाते, ते तुमच्याकडे राहायला आलेलं आहे. आता ठरवायच्या राहिल्या आहेत त्या मुक्कामाच्या अटी. त्यात हयगय झाली तर ते तुम्हालाही निस्तरावं लागेल आणि त्यालाही.

मांजराचा चंचुप्रवेश कसा होतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. आधी कुंपणावरून नुसतं बघायचं. मग पायरीवर यायचं. मग उंबऱ्यावर, पण मागचे दोन पाय बाहेर ठेवून, म्हणजे कुणी शुक् शुक् केलंच तर वळायला वेळ नको. पळायची वाट कुठली, दार कोण आपटतं, कुणाचा आवाज कधी चढतो, याचा अंदाज आल्याशिवाय ते पुढचं पाऊल टाकत नाही. आई, ते आधी दाराच्या चौकटीला गाल घासतं आणि मग बाबांच्या नडगीला, असं तू म्हणालीस ना? मांजराच्या गालांवर आणि हनुवटीवर वासाच्या ग्रंथी असतात. चौकट, खुर्चीचा पाय आणि बाबा, ही तिन्ही स्थावर मालमत्ता त्याने आपल्या नावावर करून घेतली आहे. शेपूट ताठ उभी, टोकाला किंचित बाक, अशा थाटात ते समोर आलं की समजायचं, स्वारी खुशीत आहे. लांब बसून तुमच्याकडे बघत ते डोळे सावकाश मिटतं आणि उघडतं, तेव्हा तुम्हीही तसंच करा. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं आणि २०२० साली प्रसिद्ध केलं. माणसाने असे हळूच डोळे मिटले की मांजरंही मिटतात, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्या जवळ जायला जास्त राजी होतात. बाबा दुपारी पेपर हातात धरून पेंगतात तेव्हा नेमकं हेच करत असणार. अभ्यास न करता पास!

आता एवढी घरं सोडून तुमच्याकडेच का? तुमच्याकडे सगळं ठरल्या वेळी होतं. आरडाओरडा नाही, कुणी पाठीमागे धावत नाही, उचलून छातीशी आवळत नाही. आई तर त्याच्याकडे ढुंकूनही न बघता आपलं काम करत राहते, आणि मांजराच्या नजरेत याहून सभ्य माणूस नाही. झुरिच विद्यापीठातल्या डेनिस टर्नर यांनी घराघरांतून माणसं आणि मांजरं यांची निरीक्षणं केली होती. त्यात दिसलं की सलगीची सुरुवात मांजराने केली तर ती जास्त वेळ टिकते, माणसाने केली तर लवकर आटोपते. म्हणून आपल्याकडे पाहुणे आले आणि मांजराला हौसेने हाका मारू लागले, की ते नेमकं मांजर न आवडणाऱ्याच्याच मांडीवर जाऊन बसतं. त्या बिचाऱ्याने निदान हात तरी पुढे केलेला नसतो.

बाबा, तुम्ही त्याला आगंतुक म्हणता, पण त्याच्या घराण्याची रीतच ती आहे. गाय, घोडा यांना माणसाने पाळलं. मांजराच्या बाबतीत बहुतेक उलट झालं. पश्चिम आशियात माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरं. जी माणसांना जरा कमी घाबरत ती वस्तीच्या जवळ टिकली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. सायप्रस बेटावर शिलोरोकांबोस नावाच्या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. माणूस पुरलेला, आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर, तेही मुद्दाम नीट पुरलेलं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. बेटावर मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी त्यांना होडीत घालून नेलं असणार. तेव्हा बाबा, खुर्चीवरच्या हक्काचा वाद फार जुना आहे, तुम्ही त्यात नवे आहात.

आई, ते तान्ह्या बाळासारखं रडतं म्हणून तुझ्याने राहवत नाही, हेही खरं आहे. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव म्याव करत नाहीत. पिल्लं आईला तशी हाक मारतात आणि मोठेपणी ती हाक माणसांसाठी राखून ठेवली जाते. खायला मागताना काही मांजरं गुरगुरीतच एक बारीक, चिरका सूर मिसळतात. २००९ मध्ये ससेक्सच्याच कॅरन मॅककोम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो सूर बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला असतो आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही तो जास्त निकडीचा वाटतो. तू विरघळणारच होतीस. फक्त दर हाकेला वाडगं भरू नकोस. लठ्ठ मांजराला मधुमेह होतो, आणि घरात एकाचा मधुमेह सांभाळताना काय होतं हे आपण बघतोच आहोत.

आता एक बातमी. फोटोत मी नीट पाहिलं, रावसाहेब पांढरे, काळे आणि तांबूस असे तिरंगी आहेत. तांबडा आणि काळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एकत्र दिसायला दोन एक्स लागतात आणि ते मादीकडे असतात, म्हणून असं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. बोका निघणं अगदीच विरळा. तेव्हा बाबा, बाईसाहेब म्हणा. नाव बदलायचं नसेल तर राहू दे, तिला हुद्द्याशी देणंघेणं नाही.

पण मादी आहे म्हटल्यावर पहिली अट नसबंदीची. चार-पाच महिन्यांची झाली की मांजरी गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच त्यांची आई पुन्हा गाभण राहू शकते. रोज वाडगं भरून ठेवायचं आणि ऑपरेशनचा विषय निघाला की "बिचारीला कशाला कापायचं" म्हणायचं, याला मी भूतदया म्हणत नाही. त्यातून जन्मलेली निम्मी पिल्लं पुढे काय भोगतात ते आपण बघत नाही, म्हणून आपल्याला तसं म्हणता येतं. आई, हे जरा तुला आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

त्याआधी तिच्या कानांचा जवळून फोटो पाठवा. एका कानाचं टोक सरळ रेषेत छाटलेलं असेल तर तिची नसबंदी आधीच झालेली आहे. रस्त्यावरची मांजरं धरून, ऑपरेशन करून परत सोडतात तेव्हा लांबून ओळखता यावं म्हणून ती खूण करतात. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा नीट कापलेला दिसतो.

तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचंच आहे. त्यासाठी टोपली आत्तापासून उघडी ठेवा, आत बाबांचा जुना सदरा घाला, तिला येता-जाता त्यात बसू दे. ऐनवेळी कोंबायला गेलात तर बाबा, हात रक्तबंबाळ होतील आणि तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. रेबीजची आणि मांजरांच्या इतर आजारांची लस, जंताचं औषध, पिसवांचं औषध हे सगळं तिथेच विचारा. कुत्र्यासाठी मिळणारं गोचिडांचं औषध मनाने लावू नका. त्यातल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

गोळ्यांवरून आठवलं. बाबा, रात्रीच्या गोळ्या काढून टेबलावर उघड्या ठेवायची सवय आता बंद. तिला ताप वाटला, लंगडताना दिसली, तरी माणसाची कुठलीही गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. ती पचवून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, त्यामुळे एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेलं काही नको. फुलदाणीत लिली नको, तिचे पराग चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. आणि दूध! आई, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पाणी ठेव, मांजरांचं म्हणून मिळणारं खाणं ठेव. गोडाची चव तिला कळतच नाही, तेव्हा बाबांनी आपल्या पानातलं गोड तिच्या नावाने मागून घेऊ नये.

मला खरी काळजी आहे ती पडण्याची. ती पायात घुटमळते, तुम्ही दोघंही रात्री अंधारात उठता. बाथरूमच्या वाटेवर एक बारीक दिवा रात्रभर राहू द्या, आणि तिचं खायचं भांडं तुमच्या चालायच्या वाटेपासून लांब, भिंतीकडेला ठेवा. चावली तर जखम लहान दिसते पण दात खोल गेलेला असतो, आणि मांजराचा चावा पटकन चिघळतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, "बघू उद्या" नाही. तिचा मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या, माणसालाही लागण करणाऱ्या परजीवीचे जंतू विष्ठेतून पडतात, पण ते लागण करण्याजोगे व्हायला निदान एक दिवस जातो, त्यामुळे रोज काढलं की धोका बराचसा टळतो. हातमोजे घाला, नंतर हात धुवा. हे काम बाबांचं. आईची कंबर आधीच धरते.

आई, तू जे बोलली नाहीस पण मला ऐकू आलं, त्याबद्दल. "या वयात कशाला जीव लावायचा, आमच्यामागे तिचं काय?" घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षंही जगतं. हिचं वय किती ते डॉक्टर दात बघून साधारण सांगतील. तिच्या कागदांवर दुसरं नाव माझं घाला, फोनही माझा. तुम्हाला कधी दवाखान्यात राहावं लागलं, कंटाळा आला, झेपेनासं झालं, तर ती माझ्याकडे येईल. मी घरात विचारूनच हे लिहिते आहे, भावनेच्या भरात नाही. पंधरा वर्षांचा हिशोब करून आज तिला पायरीवर ठेवायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला मुळातच नको असेल तर तसं सांगा, मी तिच्यासाठी दुसरं घर शोधते. पण मग वाडगं आत आणि मांजर बाहेर असं अर्धवट नको.

एक शंका अजून आहे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांच्या हाताला सरावलं नाही तर पुढे सहसा असं मांडीवर येत नाही. ही आली, म्हणजे हिला माणसं ठाऊक आहेत. हरवलेली असेल, कुणी टाकलेली असेल, किंवा तिचं दुसरं घरही असेल. दोन-तीन घरी जेवणारी आणि प्रत्येक घरी वेगळ्या नावाला कान टवकारणारी मांजरं काही कमी नाहीत. काही पाळलेल्या मांजरांच्या कातडीखाली मालकाची ओळख पटवणारी बारीक चिप बसवलेली असते, डॉक्टरांना ती तपासायला सांगा. आणि कागदाची एक सैल पट्टी, अडकली तर फाटेल अशी, तिच्या गळ्यात घाला: "हे मांजर तुमचं आहे का?" आणि खाली बाबांचा फोन नंबर. उत्तर आलं नाही तर ती तुमची. आलं, तर बाबा, भांडू नका आणि खुर्चीचा दाखला देऊ नका. लस कुणी टोचायची, नसबंदी झाली आहे का आणि जेवण कुणाकडे किती, एवढं त्यांच्याशी बोलून घ्या, नाहीतर दोन्हीकडे भरपेट जेवून ती फुगायची.

कानांचा फोटो आजच पाठवा.

तुमची,
धाकटी