बोली शहर लावतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘लेकर्सनं पैसे फेकून लुका डॉन्चिच उचलला’, असं आमच्या मैदानावरची पोरं अजूनही ठासून सांगतात. लेकर्स म्हणजे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला लॉस एंजेलिसचा संघ, आणि डॉन्चिच हा डॅलसच्या संघाचा बिनीचा खेळाडू. मी निवृत्त क्रीडाशिक्षक, संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी 2025 चा तो सौदा रोखीचा नव्हता. बदल्यात अँथनी डेव्हिससारखा मोहरा डॅलसला द्यावा लागला. एनबीएत एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा याला मर्यादा आहे. त्यामुळे लॉस एंजेलिस असो की मिलवॉकीसारखं छोटं शहर, पगाराची बोली एका जागी अडतेच. पुढची बोली शहर लावतं: जाहिराती, सिनेमा, समुद्रकिनारा. ही मर्यादा 1999 ची, पण शहराची ओढ त्याआधीही होतीच. शकील ओ’नीलला ऑर्लँडोनं 1992 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलं. 1996 मध्ये करारातून मोकळा होताच गडी सात वर्षांसाठी 12 कोटी डॉलरवर लेकर्सकडे. त्याला सिनेमे करायचे होते, रॅप गायचं होतं (खेळ कितीतरी बरा होता). ऑर्लँडोच्या हाती भोपळा. 1975 मध्ये करीम अब्दुल-जब्बार लेकर्सकडे गेला तेव्हा मिलवॉकीला निदान चार खेळाडू तरी मिळाले होते.

नुसत्या शहरानंही भागत नाही म्हणा. न्यूयॉर्कएवढं मोठं कोण? तरी 2010 मध्ये लेब्रॉन जेम्स मायामीला गेला आणि 2019 मध्ये केविन ड्युरंटनं न्यूयॉर्कच्या निक्स संघाऐवजी शेजारचं ब्रुकलिन निवडलं. कारभार धड नसेल तर नाव काय कामाचं? उलट सॅन अँटोनिओत टिम डंकन 19 हंगाम राहिला आणि पाच विजेतेपदं देऊन गेला.

आमचं सोलापूर मात्र कायम ऑर्लँडोच. पोरगं उंच निघालं, हात बसला, की पुण्याच्या कॉलेजात. त्यानं जावंच, तिथं लाकडी कोर्ट आहे, सामने आहेत, पुढे नोकरीची आशा आहे. पण ज्या मंडळानं त्याला ड्रिबल शिकवलं, त्याला बदल्यात एक चेंडूसुद्धा मिळत नाही. एनबीएत निदान तळाच्या संघांना नवा खेळाडू आधी निवडायची जास्त संधी असते. फुटबॉलमध्ये तर खेळाडू घडवणाऱ्या क्लबला भरपाई द्यायचा नियम फिफानं 2001 मध्येच केला.

बाहेरगावच्या संघानं खेळाडू नेला, तर मूळ मंडळाला प्रशिक्षणाचा थोडा तरी खर्च मिळावा, असा नियम राज्य पातळीवर करता येईल का? आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना एवढं विचारावं आणि उत्तर नावानिशी छापावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सात रस्ता, सोलापूर