मराठीच्या तासाला गाणं लावलं म्हणजे तास वाया गेला असं नाही

संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलमधे नववी-दहावीला मराठी शिकवते. मागच्या पालक सभेत एका पालकांनी उभं राहून विचारलं, मॅडम, मराठीच्या तासाला वर्गातनं गाणी ऐकू येतात म्हणे, मग पोर्शन कधी संपवणार? त्यांची काळजी खरी आहे, घरात दहावीचं पोरगं असलं की कुठल्याही आईबापाला असंच वाटणार, पण तिथं दोन मिनिटांत मला ते नीट सांगता आलं नाही आणि असं वाटणारे ते एकटेच नाहीत, म्हणून हे पत्र.

पोरं अलंकार कसे पाठ करतात ते आधी सांगते. ओळीत परी, जसा, समान, सारखा दिसलं की उपमा. जणू, भासे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. क्लासमधे हेच सांगतात, गाईडमधे हेच छापलेलं असतं, आणि मार्क मिळूनही जातो. पण ओळीत जणू नसला की सगळा वर्ग गप्प. रसग्रहणाचं तर अजून अवघड, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे असतात आणि त्याखाली 'कवीने अतिशय सुंदर वर्णन केले आहे' हे एकच वाक्य, कविता कुठलीही असो, पेपरमागून पेपर तेच. एवढी चटपटीत बोलणारी पोरं कवितेसमोर आली की अशी मुकी का होतात याचा मला खरंच त्रास व्हायचा.

उपमेचं एक ठरलेलं उदाहरण बऱ्याच व्याकरणाच्या पुस्तकांत सापडतं, 'सावळाच रंग तुझा पावसाळी नभापरी'. हे गाणं आहे, गदिमांनी लिहिलेलं आणि माणिक वर्मांनी गायलेलं, पण माझ्या वर्गात हे एकालाही माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ते फक्त उपमेचं उदाहरण होतं. मी मोबाईल छोट्या स्पीकरला जोडून लावलं. लगेच पुढची ओळ येते, 'आणि नजरेत तुझ्या वीज खेळते नाचरी'. यात काय आहे विचारलं तर परी नाही, जणू नाही, म्हणून उत्तर आलं, काही नाही मॅडम. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, पण वीज कधी खेळते काय? झालं, तिथनं जो वाद सुरू झाला तो बेल होईपर्यंत चालला, कोण म्हणतंय वीज माणसासारखी वागतेय म्हणजे चेतनगुणोक्ती, कोण म्हणतंय नजर हीच वीज म्हणजे रूपक, तर एकजण म्हणाला आभाळ वरच्या ओळीत आलं म्हणून वीज खालच्या ओळीत आली, एकट्या ओळीवरनं ठरवायचंच नाही. हे शेवटचं गाईडमधे कुठं मिळणार?

रूपक शिकवायला मी 'विठ्ठला तू वेडा कुंभार' घेतलं. प्रपंच या १९६१ सालच्या चित्रपटातलं, शब्द गदिमांचे आणि चाल-आवाज सुधीर फडक्यांचा. आमच्या वर्गात एक कुंभाराचा मुलगा आहे, गणपतीच्या आधी दोन महिने त्याचं अख्खं घर मूर्तीच्या कामात असतं, एरवी तो वर्गात फारसा बोलत नाही. गाण्यात 'तुझ्या घटांच्या उतरंडीला' असं येतं, तर उतरंड म्हणजे काय हे कुणालाच येईना. हा उभा राहिला आणि सांगितलं की मडक्यावर मडकं, खाली मोठं वर लहान, आजीच्या घरात अजून आहे आणि मधलं काढायला गेलं की सगळी कोसळते. मग चाक कसं फिरतं, माती कशी मळतात, भाजताना एखादं तडकतं ते का, सगळं त्यानं सांगितलं. त्यानंतर गाणं परत लावलं तेव्हा 'मुखी कुणाच्या पडते लोणी, कुणा मुखी अंगार' ही ओळ वर्गानं ज्या शांततेत ऐकली ती मी विसरणार नाही. कुंभार हे उपमान आणि विठ्ठल हे उपमेय हे मला फळ्यावर लिहावंच लागलं नाही.

दृष्टान्ताला गीतरामायणातला ओंडक्यांचा दाखला घेतला, समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि एक लाट येऊन त्यांना वेगळं करते तो. चिखलीकडची एक मुलगी म्हणाली २०१९ च्या पुरात आमच्या दारातनं ओंडके जाताना बघितलेत मी, आणि आम्ही पण तेव्हा असेच एकेक एकीकडं गेलो होतो, आजी एका पाव्हण्यांकडं आणि आम्ही दुसऱ्यांकडं. यावर मी काय शिकवणार होते अजून.

आता आक्षेपाकडं येते. गाण्याची चाल गोड असली की शब्द कसेही असले तरी खपून जातात, हे मला मान्य आहे. म्हणून माझा एक नियम आहे, गाणं एकदाच ऐकायचं, मग बंद करायचं आणि शब्द फळ्यावर लिहून चालीशिवाय वाचायचे. काही गाणी तिथंच संपतात, दोन ओळींनंतर हातात काही उरत नाही, आणि हे पोरं स्वतःच्या तोंडानं सांगतात, आवडत्या गाण्याबद्दलसुद्धा. काही मात्र चाल काढली तरी तशीच उभी राहतात. चांगलं कुठलं आणि पोकळ कुठलं हे असं त्यांनी स्वतः ओळखायला लागणं, मी तर म्हणेन हाच पोर्शन आहे. गाणं पोरं पण आणतात, अट एकच, घरी आईसमोर मोठ्यानं वाचता आलं पाहिजे. एकानं रॅप आणला, पहिल्यांदा मला एक शब्द कळला नाही खरं, पण लिहून काढल्यावर दिसलं की यमक ओळीच्या शेवटीच नाही, ओळीच्या पोटात पण दोन-दोनदा येतंय. अंतर्यमक हा शब्द त्या दिवशी वर्गाला कायमचा पाठ झाला. आणि 'जगात भारी कोल्हापुरी' मधलं यमक तर त्यांनीच शोधून आणलं.

गाणं म्हणजे कवितेपेक्षा हलकं असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की तुकोबांचे अभंग काय नुसते वाचायला होते? बहिणाबाईंच्या पुस्तकाचं नावच १९५२ पासून 'बहिणाबाईंची गाणी' आहे आणि तीच आपण कविता म्हणून शिकवतो. शिवाय हे आपल्या गावात तर नवीन नाहीच. सुधीर फडके १९१९ साली कोल्हापुरातच जन्मले, आणि चित्रपटांसाठी ढीगभर गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर पेशानं शिक्षक होते. इतकं सगळं आपल्या दारात असताना पोरांनी अलंकाराला घाबरायचं, हे मला बघवत नाही.

माझं मागणं फार नाही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातला एक तास यासाठी मोकळा द्यावा आणि त्याला टाइमपास म्हणू नये. आपण पण शाळेच्या पानावर दर आठवड्याला एखाद्या मराठी गाण्याच्या दोन ओळी छापाव्यात, खाली उत्तर न देता, पोरं भांडतील आपापसात. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिला जात्यावरची एक तरी ओवी विचारून, ती जशी म्हणते तशीच लिहून पोराजवळ शाळेत द्यावी. पुढच्या महिन्यात आम्ही नववीला ओवी घेतोय आणि आत्तापर्यंत आमच्याकडं फक्त सहा जमल्यात.

आपली,
मराठीची एक शिक्षिका
ता. करवीर, जि. कोल्हापूर