टाळेबंदी: आधी की नंतर?

महोदय,
‘टाळेबंदी लवकर लावली की उशिरा’ हा वाद अजून संपत नाही. नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला आणि २० मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबई-पुण्यासोबत आपलेही शहर बंद झाले. तेव्हा अनेकांना (मलासुद्धा) हा अतिरेक वाटला होता. पण दर तीन दिवसांनी रुग्ण दुप्पट होत असतील, तर बारा दिवसांच्या उशिराने ते सोळापट होतात. हे गणित चौथीचा पोरगाही करेल. १९१८च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबरला मिरवणूक काढली, सेंट लुईसने मात्र रुग्ण थोडे असतानाच शाळा-थिएटरे बंद केली. तिथला मृत्युदर बराच कमी राहिला.

पुढच्या वर्षी, १५ ते २१ मार्च २०२१ या काळात, नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली, तोवर रुग्ण झपाट्याने वाढू लागले होते. एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी आम्ही रात्र-रात्र फोन फिरवले.

तरीही ‘लवकर’ म्हणजे ‘अचानक’ नव्हे. २४ मार्च २०२०च्या रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांत देश थांबला. नंतर वर्धा रोडवरून डोक्यावर बोचकी घेऊन जबलपूरकडे पायी निघालेले मजूर आपण पाहिले. लोकांनी त्यांना पोळी-भाजी दिली, पण ते काम काही आपल्या दयेवर सोडायचे नव्हते. रेशन, मजुरी, गावी जायला गाड्या, हे सगळे त्याच आदेशात यायला हवे होते. पुढच्या साथीसाठी असा आराखडा महापालिकेने आत्ताच लोकांसमोर ठेवावा.

– एक वाचक, महाल, नागपूर