सिंक केलं आणि आईच्या ओव्या गेल्या
संपादक साहेब, नमस्कार. नवीन कॉम्प्युटर घेतला, त्याला गाण्यांचा जुना प्लेयर जोडला, 'पुसून सिंक करू का', म्हणजे प्लेयर कॉम्प्युटरशी जुळवून घेऊ का, असं इंग्रजीत विचारलं आणि मी घाईत हो दाबलं, मिनिटभरात सगळं साफ. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या हो त्यात, मधला तिचा खोकलापण तसाच ठेवलेला, 60 मिनिटांची जुनी कॅसेट वाजवून त्यात उतरवायला 60 मिनिटं बसलो होतो आणि त्या कॅसेटला आता बुरशी लागलीय. मला वाटलं दोन्हीकडची गाणी एकत्र होतील, पण हे सिंक एकतर्फी, कॉम्प्युटरवर असेल तेवढंच प्लेयरवर राहतं आणि माझा कॉम्प्युटर रिकामा. असं झालं तर प्लेयरमध्ये नवीन काही भरू नका, पुसलेल्या फाइल्स कधीकधी परत मिळतात, मी लगेच दुसरी गाणी भरली तिथेच चुकलं. कंपन्यांनी ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात द्यावी.
- एक वाचक, मिरज