नेटवर्क डिझाइन शिकणाऱ्या पोरांना कारखान्याचं दार उघडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात एमपीएससीच्या अभ्यासिकांवर, नीटच्या क्लासेसवर पत्रं येतात, मी ती आवडीने वाचतो. पण आपल्या सोलापुरात अजून एका परीक्षेसाठी पोरं रात्र रात्र जागतायत आणि तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही म्हणून आज बसलोच लिहायला. परीक्षा आहे कॉम्प्युटर नेटवर्कच्या डिझाइनची, नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची. आधी सीसीडीए, सीसीडीपी अशा वेगळ्या परीक्षा होत्या, त्या २४ फेब्रुवारी २०२० ला बंद झाल्या आणि आता डिझाइनचा पेपर सीसीएनपी एंटरप्राइज या त्यांच्याच मोठ्या सर्टिफिकेटच्या पोटात गेलाय, ३००-४२० नंबरचा, पोरं त्याला ईएनएसएलडी म्हणतात. ९० मिनिटं वेळ, फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, म्हणजे पंचवीस हजारांच्या वरच गेले. आणि पूर्ण सीसीएनपी पाहिजे असेल तर कोअरचा, म्हणजे मुख्य पेपर वेगळा, त्याची फी ४०० डॉलर. एवढं करून सर्टिफिकेटची मुदत ३ वर्षं. मागावर राबणारा बाप हे पैसे कसे उभे करतो ते पूर्व भागात राहणाऱ्याला सांगायला नको.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर, कॅमेरे, स्विच (नेटच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) वगैरे बघतो. हा पेपर मी दोनदा दिला, पहिल्यांदा नापास झालो आणि का झालो ते इथं सांगतो कारण आज तीच चूक बरीच पोरं करतायत.

एका क्लासवाल्याने आम्हाला डम्पची पीडीएफ दिली होती. डम्प म्हणजे परीक्षेत आलेले म्हणून फिरवलेले प्रश्न आणि खाली उत्तरं. म्हणाला एवढं पाठ करा, बास, पुस्तक उघडायची गरज नाही. मी पाठ केलं, रात्री दोन दोनपर्यंत, पर्याय सी, पर्याय ए असं. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं आधी कबूल करून घेतात त्यामुळे मी प्रश्न सांगत नाही, पण डिझाइनच्या प्रश्नाची ढब सांगायला हरकत नाही. एक कंपनी असते, तिच्या इतक्या इमारती, इतकी माणसं, पैसा एवढाच, आणि आता यांना काय सुचवाल. चारपैकी तीन पर्याय तांत्रिकदृष्ट्या चालणारे असतात, या गिऱ्हाइकाला कुठला बसतो ते ओळखायचं असतं. तिथं पाठांतर काय करणार? बरं एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. माझे हातपाय गार पडले.

त्यात डम्प वापरताना सापडलात तर सिस्को निकाल रद्द करते, पुढं परीक्षेला बंदीही घालू शकते, हे क्लासवाला सांगत नाही. काही जण म्हणतील की डम्पवर पास झालेली पोरं पुण्यात लागलीच की नोकरीला. लागली असतील. पण माझ्या ओळखीच्या एकाला इंटरव्ह्यूला फळ्यावर तीन मजली ऑफिसचं नेटवर्क काढायला सांगितलं, आणि सर्टिफिकेट हातात असलेला तो पोरगा खडू घेऊन नुसता उभा राहिला. फार वाईट वाटलं ऐकून, पोरगा हुशार आहे हो.

मला डिझाइन कळलं ते कारखान्यात. ऑफिसपासून मागच्या गोडाऊनपर्यंत कुणीतरी नेटची केबल ओढलेली. गोडाऊनमधला कॉम्प्युटर सकाळी चालायचा, दुपारी बंद, मग परत चालू, आणि शेठ दोन वर्षं इंटरनेटचा प्लॅन वाढवत बसले होते, नेट स्लो आहे म्हणून. नापास झाल्यावर मी एका रविवारी वॉचमनमामांना टेपचं एक टोक धरायला लावलं आणि ती केबल मोजली. १३८ मीटर. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, हे वाक्य मला तोंडपाठ होतं बघा, डम्पमध्येही होतं, पण ते माझ्या रोजच्या पायाखाली आहे हे टेप धरेपर्यंत कळलं नव्हतं. वाटेत मागाच्या शेडमध्ये एका फळीवर छोटा स्विच ठेवलेला, कुणीतरी मधे जोड द्यायला आणला असणार पण केबल त्याला जोडलेलीच नव्हती. तो उघडला तर आत कापसाचा थर, बोटाने ओढला तर पेळूसारखा निघाला. तिथं आम्ही नंतर फायबर टाकली. लांबीचा प्रश्न मिटला आणि फायबर काचेची, तिच्यातून वीज जात नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात वीज पडली तर एका इमारतीतला झटका केबलवाटे दुसऱ्या इमारतीतल्या मशीनपर्यंत जायची भीतीही गेली.

मग कॅमेरे मोजले, ४४. कॅमेरे, हिशोबाचे कॉम्प्युटर आणि येणाऱ्या जाणाऱ्यांचे मोबाईल सगळे एकाच नेटवर्कात कोंबलेले, ते वेगळे करायचे होते. नेटवर्कात प्रत्येक यंत्राला एक नंबरी पत्ता लागतो आणि हे पत्ते ठराविक आकाराच्या गटांत घ्यावे लागतात. /२६ नावाचा गट घेतला तर ६२ पत्ते मिळतात, म्हणजे ४४ ला भरपूर, पेपरात लिहिलं तर बरोबर. पण मी शेठना विचारलं, पुढच्या दोन-तीन वर्षांत अजून शेड टाकणार का? ते म्हणाले तुला काय करायचंय? मग म्हणाले हो, एक टाकायचीय, तीसेक कॅमेरे तरी लागतील. झाले ७४. म्हणजे /२५ पाहिजे, १२६ पत्त्यांचं. हा एक प्रश्न विचारला नसता तर वर्षभरात सगळं उपसून परत मांडावं लागलं असतं. मला तर वाटतं या परीक्षेची निम्मी तयारी म्हणजे असले प्रश्न विचारायची सवय लावणं, आणि नेमकं तेच कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आमच्या गल्लीतली दोन पोरं आता माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना नेटवर्कचे कोअर, डिस्ट्रिब्युशन, अ‍ॅक्सेस हे तीन थर समजत नव्हते, इंग्रजी व्याख्या म्हणून दाखवायची नुसती. मी म्हटलं उजनीचं पाणी बघा. उजनीवरून मोठी पाइपलाइन येते, मग भागाभागातल्या टाक्या, मग घरातला नळ. मोठी लाइन फुटली की अख्खं शहर घागरी घेऊन बसतं, म्हणून तर समांतर जलवाहिनीसाठी सोलापूरकर इतकी वर्षं बोलत आले, अशा जादाच्या लाइनलाच डिझाइनमध्ये रिडंडन्सी म्हणतात. पण प्रत्येक घराला दोन दोन नळ कुणी देत नाही, मग दुसरी लाइन कुठं द्यायची आणि कुठं नाही ते ठरवणं आलं. दहा मिनिटांत कळलं पोरांना. पाण्याची वाट बघणाऱ्या गावाला हे समजवायला जास्त वेळ लागत नाही.

पत्त्यांचे गट पाडणंही तसंच. १०.२०.४.० पासून १०.२०.७.० पर्यंत चार /२४ गट एका इमारतीला दिले तर बाहेरच्या राउटरला (एका नेटवर्कातून दुसऱ्यात वाट दाखवणारं यंत्र) एकच ओळ सांगायची, /२२. तेच ३ पासून ६ पर्यंत दिले तर एका ओळीत बसत नाहीत, नेटवर्क चालतं पण राउटरचा टेबल, म्हणजे वाटांची यादी, फुगत जातो. पोरांनी हे वहीवर पेन्सिलीने काढून बघितलं तेव्हा डोक्यात बसलं. कॉम्प्युटरवरच नेटवर्क मांडून बघायची पॅकेट ट्रेसर, जीएनएस३ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, ती जरूर वापरा, पण कॉम्प्युटरवरची इमारत तुम्हाला कापसाचा थर दाखवत नाही.

म्हणून संपादक साहेब, माझी विनंती आपल्या शहरातल्या कारखानदारांना, हॉस्पिटलवाल्यांना, शाळा-कॉलेजांना आहे. महिन्यातून एका रविवारी तीन-चार पोरांना आत येऊ द्या. ती कशाला हात लावणार नाहीत, फक्त टेप घेऊन मोजतील, कुठला स्विच कुठं आहे ते कागदावर काढतील आणि जाताना तो नकाशा तुम्हाला देऊन जातील, बऱ्याच ठिकाणी असा नकाशा कुणाकडेच नसतो. सोबत मोठं माणूस असलं पाहिजे, तुमच्या गुप्त गोष्टी बाहेर जाता कामा नयेत, तसं लेखी घ्या. कॉलेजच्या कपाटात जुने स्विच, राउटर धूळ खात पडलेत ते भंगारात घालण्याआधी शिकायला द्या.

आणि अजून एक. ही परीक्षा घरूनही देता येते पण खोलीत एकट्यानेच बसावं लागतं, समोर कॅमेरा चालू, मधे कुणी आत आलं किंवा बोललं तरी परीक्षा बंद पडू शकते. आमच्या पूर्व भागात दोन खोल्यांत सहा माणसं आणि भिंतीपलीकडे मागाची खटखट, तिथं हे कसं जमणार? मी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जाऊन पेपर दिला आणि दुसऱ्या खेपेला पास झालो, पण मला सुट्टी मिळाली होती आणि गाडीभाडं खिशात होतं. एखाद्या वाचनालयाने किंवा कॉलेजने एक शांत खोली, चांगलं नेट आणि इन्व्हर्टर एवढं परीक्षेपुरतं दिलं तर पोरांवर लई उपकार होतील.

माझ्याकडे येणाऱ्या दोघांतल्या एकाची परीक्षा गड्ड्याच्या जत्रेनंतर आहे. त्याआधी त्याला दोन तरी खऱ्या इमारती मोजायला मिळाव्यात. एक आमचा कारखाना, शेठ हो म्हणालेत. दुसरी कुणी देणार असेल तर पेपरातून कळवावं, टेप आम्ही आणतो.

आपला नियमित वाचक,
पूर्व भाग, सोलापूर